'द सिम्प्सन्स'ची सुरुवात थेट ख्रिसमसच्या एपिसोडने का झाली?

'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेबद्दल तुमचे प्रश्न दोन आहेत: पात्रांची नीट ओळख करून न देता मालिका एकदम ख्रिसमसच्या एपिसोडने का सुरू होते, आणि पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमधलं अ‍ॅनिमेशन आधीच्यांपेक्षा कच्चं का वाटतं. दोन्हींचं उत्तर एकच. तो शेवटचा एपिसोड खरं तर पहिला होता.

त्याचं नाव 'सम एन्चान्टेड ईव्हनिंग', निर्मितीचा कोड ७जी०१. मालिकेचे जनक मॅट ग्रोनिंग आणि सॅम सायमन यांनी तो लिहिला. सिम्प्सन कुटुंबातले आईबाप होमर आणि मार्ज रात्री बाहेर जातात आणि मुलं सांभाळायला आलेली बाई निघते अट्टल चोर. १९८९च्या शरद ऋतूत मालिका याच एपिसोडने सुरू करायची ठरलं होतं.

इथे कामाची पद्धत माहीत हवी. आधी संवाद ध्वनिमुद्रित होतात, मग स्टोरीबोर्ड आणि मुख्य रेखाटनं. एवढं लॉस एंजेलिसला, त्या वेळी क्लास्की सुपो स्टुडिओत. मधली हजारो चित्रं काढणं, रंगवणं आणि कॅमेऱ्याखाली घेणं हे काम तेव्हा दक्षिण कोरियात सोलच्या अकोम स्टुडिओकडे होतं. या सगळ्यात महिनोन्‌महिने जातात, आणि रंगीत, हलता एपिसोड कर्त्याधर्त्यांना दिसतो तो अगदी शेवटी. नटांच्या मालिकेत फसलेला सीन पुन्हा शूट करता येतो. इथे ती सोय नाही.

तयार एपिसोड पाहून निर्माते जेम्स एल. ब्रूक्स यांनी दिलेली प्रतिक्रिया इथे लिहिण्याजोगी नाही. दार आपटलं की ते रबरासारखं वाकत होतं, माणसंही तशीच लवचिक. एरवी कार्टूनमध्ये याला कोणी नावं ठेवली नसती, उलट दादच दिली असती. पण ब्रूक्स आले होते नटांच्या सिटकॉममधून. त्यांना असं जग हवं होतं जिथे दार दारासारखंच बंद होतं आणि पडलेल्या माणसाला खरंच लागतं. माझ्या मते या मालिकेचा स्वभाव जितका लेखनात ठरला, तितकाच त्या दिवशी ठरला.

आता सगळी भिस्त पुढच्या एपिसोडवर, 'बार्ट द जीनियस'वर. तोही असाच आला असता तर मालिका तिथेच गुंडाळायची वेळ आली असती. डेव्हिड सिल्व्हरमन यांनी दिग्दर्शित केलेला तो एपिसोड मात्र किरकोळ दुरुस्त्यांवर निभावला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या एपिसोडचं सुमारे ७० टक्के काम पुन्हा करावं लागणार होतं. म्हणून मालिका पुढे ढकलली गेली, आणि निर्मितीच्या क्रमाने आठवा असलेला (७जी०८) ख्रिसमसचा एपिसोड १७ डिसेंबर १९८९ रोजी खास कार्यक्रम म्हणून दाखवला गेला. त्यात ढगांपासून सोफ्यापर्यंतचं नेहमीचं टायटल नाही. त्या टायटलमधला, फळ्यावर वाक्यं लिहिणारा होमरचा मुलगा बार्ट प्रेक्षकांना प्रथम दिसला १४ जानेवारी १९९०ला, 'बार्ट द जीनियस'च्या सुरुवातीला.

या अदलाबदलीत मालिकेचा फायदाच झाला, असं मला वाटतं. बोनस बुडालेला होमर मॉलमध्ये सॅन्टा बनतो, तिथली तुटपुंजी कमाई कुत्र्यांच्या शर्यतीवर लावून हरतो आणि मालकाने हाकलून दिलेला हरलेला कुत्राच घरी घेऊन येतो. या कुटुंबाची याहून नेमकी ओळख काय करून देणार? मिमी पॉन्ड यांनी या मालिकेसाठी लिहिलेला हा एकमेव एपिसोड. (त्यात होमरचा मित्र बार्नी याचे केस पिवळे दिसतील. त्वचेच्याच रंगाचे केस सिम्प्सन कुटुंबापुरते ठेवायचे असं नंतर ठरलं आणि त्याचे केस तपकिरी झाले.)

दुरुस्तीला वेळ मिळाल्याने 'सम एन्चान्टेड ईव्हनिंग'मध्ये आवाजही बदलला. बारवाल्या मोचे संवाद आधी ख्रिस्तोफर कॉलिन्स यांच्या आवाजात होते. त्यांच्या जागी तेव्हा पंचविशीतल्या हँक अझारियाने ते नव्याने म्हटले, अभिनेता अल पचिनोची नक्कल थोडी घोगरी करून. आज आपण ओळखतो तो मो हाच.

अखेर १३ मे १९९०ला तो एपिसोड सीझनचा शेवट म्हणून लागला. पुन्हा पाहाल तेव्हा दिग्दर्शनाच्या श्रेयाकडे लक्ष द्या. तिथे दोन नावं आहेत: मूळ दिग्दर्शक केंट बटरवर्थ आणि तो दुरुस्त करणारे सिल्व्हरमन. ख्रिसमसचा एपिसोडही सिल्व्हरमन यांचाच.