आधी डॉक्टरांना भेट, मग वजनाचं बघू

अगं, तुझा मेसेज वाचला. 2 महिन्यात 15 किलो उतरवायचे म्हणून रात्रीचं जेवणच बंद केलंस आणि पहिल्याच आठवड्यात काटा 3 किलो खाली आला म्हणून खूश आहेस, पण मला काळजीच वाटली म्हणून लिहितेय.

त्या 3 किलोत बरंचसं पाणीच असतं गं. शरीरात साठलेल्या 1 ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर) साधारण 3 ग्रॅम पाणी असतं, खाणं तोडलं की आधी ते जातं. तुझ्या वयात मीपण कुणालाही न विचारता हेच केलं होतं. वजन भराभर उतरलं, आणि तिसऱ्या महिन्यात रोज आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसायला लागला, मग एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की सरळ उभं राहता येईना. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. फार झपाट्याने वजन उतरलं की हा धोका वाढतो, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून आधी डॉक्टरकडे जा. थायरॉईड, शुगर, लिव्हर, बीपी सगळं बघून घे, कधीकधी चालू असलेल्या गोळ्यांनीच वजन वाढत असतं. आठवड्याला अर्धा ते 1 किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. जेवणात प्रोटीन नीट ठेव, थोडं वेट ट्रेनिंग कर, नाहीतर चरबीबरोबर स्नायूपण झिजतात.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचं, सेमाग्लुटाइडचं विचारलंस ना? त्याने वजन उतरतं, त्याला मी नावं ठेवणार नाही, पण मैत्रिणीच्या उरलेल्या इंजेक्शनच्या पेनमधून घ्यायची ती गोष्ट नव्हे. डोस टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि एका मोठ्या अभ्यासात ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी जवळपास दोन तृतीयांश परत आलं होतं.

वजन उतरलं की भूक वाढवणारी हार्मोन्स वाढतात आणि वर्षभरानंतरही ती पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे काटा परत वर सरकला तर स्वतःला दोष देत बसू नकोस. माझे 2 किलो परत आले तेव्हा लाज वाटून मी फॉलोअपलाच गेले नाही, आणि गेले तेव्हा 11 झाले होते. तू 2 वरच जा.

अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते कळव, आणि आज रात्री आधी जेव.

तुझी ताई