पोळ्याचा फोटो कोणत्या लढाईतला? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जुन्या छायाचित्रांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. चारही विदर्भातल्या खेड्यांतून आलेली आहेत.

प्रश्न : आमचे गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात घराची कवेलू उतरवली तेव्हा माळ्यावरून आजोबांची लोखंडी पेटी खाली आली आणि तिच्यात एक चौकोनी फोटो सापडला. सपरीपुढे सजवलेली बैलजोडी आहे, शिंगांना बेगड आहे, पाठीवर झूल आहे. जोडीशेजारी फौजी गणवेशातले मोठे काका उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी धाकटी आत्या लाकडी नंदीची दोरी धरून बसली आहे. आत्या म्हणते, "लढाई सुरू होती तवाचा फोटो हाय तो." चुलतभाऊ 1971 सांगतो, गावातले निवृत्त गुरुजी 1962 सांगतात. काका आता हयात नाहीत. आत्याला एवढेच पक्के आठवते, की पुरणाच्या पोळ्या झाकून ठेवल्या होत्या आणि काका न जेवता बंडीत बसून पुलगावच्या गाडीसाठी निघाले. फोटो नेमका कोणत्या वर्षाचा मानावा?
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : आपल्या फोटोतला सर्वांत भरवशाचा साक्षीदार गणवेश नसून बैलजोडी आहे. चीनशी झालेले युद्ध 20 ऑक्टोबर ते 21 नोव्हेंबर 1962 या काळातले, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे झालेले. 1971 चे युद्ध 3 ते 16 डिसेंबर असे जेमतेम तेरा-चौदा दिवस चालले, आणि त्या दिवसांत आपल्या भागात घरोघरी कापूस येऊन पडलेला असतो. पोळा मात्र श्रावणी अमावास्येला येतो. त्यामुळे बेगड लावलेले बैल आणि चालू असलेली लढाई या दोन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतील असे वर्ष 1962, 1965 आणि 1971 या तिघांत एकच उरते, आणि ते म्हणजे 1965. त्या ऑगस्टच्या सुरुवातीपासून काश्मीरमध्ये पाकिस्तानची घुसखोरी चालू झाली होती, 28 ऑगस्टला आपल्या सैन्याने हाजी पीर खिंड घेतली, 1 सप्टेंबरला छांबवर हल्ला झाला, 6 सप्टेंबरला पंजाबच्या सीमेवर तोंड लागले आणि 23 सप्टेंबरला युद्धबंदी झाली. त्या वर्षीचा पोळा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होता. म्हणजे रजेवर आलेला जवान घरी सापडावा आणि सणाच्या दिवशीच त्याला परत जाण्याची वेळ यावी, अशीच ती वेळ होती. झाकून ठेवलेल्या पोळ्यांची आठवण या तारखांशी इतकी जुळते, की ती मला कोणत्याही कागदापेक्षा कमी वाटत नाही.

तरीही एक शंका मनात ठेवावी. लहानपणची आठवण आणि पुढे मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली हकिकत यांची पुष्कळदा मिसळ होते, आणि 1971 साली काका पुन्हा गेले असतील तर ते जाणे या फोटोला नंतर चिकटलेले असू शकते. याचा निवाडा आत्याच्या शाळेच्या दाखल्यावरून होईल. फोटोत ती पाच-सहा वर्षांची दिसते. दाखल्यावर जन्मसाल 1959 किंवा 1960 निघाले, तर 1962 साली ती नंदी ओढण्याइतकी मोठी नव्हती आणि 1971 साली ती त्यासाठी चांगलीच मोठी झाली होती. शिवाय तिला सन विचारू नये, बैलांची नावे विचारावीत. आपल्या खेड्यांत माणसे सन विसरतात पण जोडी विसरत नाहीत. ती जोडी कोणत्या बाजारातून आणली, तिच्यातला एक बैल कधी गेला, त्या वर्षी कोणाचे लग्न झाले, विहीर खणली होती की नव्हती, असे विचारत गेले की वर्ष आपोआप दोन्ही बाजूंनी आवळत येते.

फोटोची पाठही पाहावी. चौकोनी फोटो बहुधा 120 क्रमांकाच्या फिल्मरोलचा असतो. अ‍ॅग्फा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्यात एका रोलमध्ये असे बारा फोटो निघत, म्हणजे स्टुडिओवाल्याला न बोलावता गावातल्याच कोणी हौशी माणसाने तो काढला असण्याचा संभव आहे, आणि उरलेले अकरा फोटो गावात कोणाच्या तरी पेटीत असतील. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असल्यास पत्ता नीट वाचावा. 'सी. पी. अँड बेरार' असेल तर तो शिक्का 1950 च्या आधीचा, 'मध्य प्रदेश' असेल तर 1950 ते 1956 मधला, 'मुंबई राज्य' असेल तर 1960 च्या आधीचा. सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून आला, त्यामुळे तो असल्यास आपल्या हातातली प्रत मागाहून काढलेली आहे असे समजावे.

एक बारीक गोष्ट राहिली. लाकडी नंदी तान्ह्या पोळ्याला निघतो आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी असतो. मग काका पोळ्याच्या दिवशीच गेले असतील तर नंदी एक दिवस आधी कसा बाहेर आला? मला वाटते, पोरीने हट्ट धरला असावा. आत्याला हे अवश्य विचारून कळवावे.

प्रश्न : आमच्या आजोबांचे थोरले भाऊ 'जर्मनच्या लढाईत' गेले ते परत आले नाहीत. घरात त्यांचा एकच फोटो आहे. ते खुर्चीवर बसलेले आहेत, मागे रंगवलेला पडदा आहे, त्यावर जिना आणि कुंडी काढलेली आहे. फोटोच्या पाठीवर मधोमध उभी रेघ असून इंग्रजी अक्षरांत 'कार्तोलिना पोस्ताले' असे छापले आहे. सर्वपित्रीला आम्ही त्यांच्या नावाने पान वाढतो, परंतु ते कोठे गेले हे कोणालाच माहीत नाही. ते कळू शकेल काय?
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, ते शब्द इटालियन भाषेतले आहेत आणि त्यांचा अर्थ पोस्टकार्ड एवढाच आहे. त्या काळी स्टुडिओवाले पोस्टकार्डाच्या मापाच्या, मागे अशी छपाई असलेल्या कागदावर फोटो छापून देत. रेघेच्या डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहिण्याची सोय असे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत भारतीय सैन्याच्या 4, 8 आणि 10 क्रमांकांच्या तीन डिव्हिजन लढल्या. त्यांतली 8 वी सप्टेंबर 1943 मध्ये तारांतो बंदरात उतरली, आणि इटलीतले युद्ध 2 मे 1945 रोजी संपले. महाराष्ट्रातल्या दोघा मराठा सैनिकांना, यशवंत घाडगे (जुलै 1944) आणि नामदेव जाधव (एप्रिल 1945) यांना, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच रणभूमीवर. तेव्हा आपले आजोबा या दीड-पावणेदोन वर्षांत इटलीतल्या एखाद्या गावी फोटो काढायला बसले असावेत, हा पहिला तर्क. मात्र तोच एकमेव तर्क नाही. आफ्रिकेतला एरिट्रिया हा प्रदेश इटलीच्या ताब्यात होता आणि मार्च 1941 मध्ये तिथले केरेन भारतीय सैन्याने मोठी किंमत देऊन जिंकले. तिथल्या फोटोवाल्यांकडेही इटालियन कागदच असणार. म्हणून फोटोचा काळ तूर्त 1941 ते 1945 असा रुंदच धरावा.

शोध घेण्याची वाट सरळ आहे. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे असून तिची यादी इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. भारतीय सैनिकांच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो, आणि आपल्या कामाला तेच येईल. नाव एकाच पद्धतीने शोधून थांबू नये, कारण आपली नावे गोऱ्या साहेबाच्या किंवा पंजाबी कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली गेली आहेत. यवतमाळचे तेव्हाचे इंग्रजी स्पेलिंगही आजच्यासारखे नव्हते, त्याचा उच्चार 'येवतमाळ'कडे झुकणारा होता. आडनाव सोडून वडिलांच्या नावाने शोधणे हा माझ्या मते सर्वांत फलदायी मार्ग आहे.

समाधी सापडेल अशी अपेक्षा मात्र धरू नये. हिंदू सैनिकांचे दहन होत असे आणि त्यांची नावे स्मारकावर कोरली जात. इटलीत संग्रो नदीकाठी आणि फोर्ली येथे अशी दहनस्मारके आहेत, आणि ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही अशांची नावे कासिनोच्या स्मारकावर आहेत. फोटोत खांद्यावरची पितळी अक्षरे दिसत असतील तर मोबाईलने तेवढाच भाग मोठा करून पाहावा. पलटण कळली की तिच्या अभिलेख कार्यालयाला पत्र घालता येते, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेल्यास ते पत्र कसे आणि कोणाच्या नावे घालावे याचे मार्गदर्शन मिळू शकते.

पान वाढण्याचा दिवस बदलावा काय, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. तारीख सापडली तरी बदलू नये असे मला वाटते. एवढी वर्षे घरातल्या बायकांनी तो दिवस धरून ठेवला आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. आमच्या घरी 1971 सालचा, खळ्यावर धानाची मळणी चाललेली असतानाचा फोटो आहे. त्यावरून मी आजीला युद्धाविषयी विचारले, तर ती मातीच्या तेलाची रांग, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि सोमवारचा उपवास एवढेच सांगते. मला प्रकल्पासाठी खरा इतिहास हवा आहे. तिला मूळ विषयाकडे कसे आणावे?
— एक विद्यार्थी, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : आजी मूळ विषयावरच आहे, विषयाबाहेर आपला प्रश्न गेला आहे. लाहोर आणि ढाका कोणत्याही पुस्तकात मिळेल. साकोलीजवळच्या एका खेड्यात राकेलसाठी किती वेळ उभे राहावे लागे आणि तेल संपल्यावर चूल आणि दिवा यांतले आधी काय विझत असे, हे आजीशिवाय कोणीही सांगणार नाही.

आपल्याला करायचे आहे ते वर्षे सोडवण्याचे काम. सोमवारचा उपवास 1965 मधला आहे. धान्याची टंचाई होती म्हणून पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडावे असे आवाहन केले होते, आणि कित्येक घरांनी ते मनापासून पाळले. मिलो ही अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. साठीच्या दशकातल्या टंचाईतही ती रेशनवर आली आणि 1972 च्या दुष्काळातही, त्यामुळे ती एकटी तारखेच्या उपयोगाची नाही. आजीच्या मनात या साऱ्या वर्षांचे एकच गाठोडे झाले आहे. ते उलगडताना तिला खोटे पाडू नये. "तेव्हा बाबा चालायला लागले होते काय?" असे घरातल्या मुलांच्या वयावरून विचारावे.

फोटोसोबत जुनी पाकिटे असतील तर तीही जपून ठेवावीत. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी 15 नोव्हेंबर 1971 पासून पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ते तिकीट दिसले तर पत्र त्या दिवसांतले किंवा त्यानंतरच्या दीड वर्षातले आहे हे नक्की होते. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरचा दारूगोळा कारखाना आहे, तेव्हा त्या डिसेंबरात रात्री दिवे झाकले जात होते काय, हेही आजीला विचारावे.

माझ्या घरीही 1971 चा एक फोटो आहे. कापसाच्या गंजीवर आम्ही भावंडे बसलो आहोत, आणि त्यात लढाईचे काहीच नाही असे मी चाळीस वर्षे समजत होतो. पुढे तो संगणकावर मोठा करून पाहिला तेव्हा कोपऱ्यात खुंटीला टांगलेला कंदील दिसला. त्याच्या काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला वहीच्या कव्हरचा खाकी कागद चिकटवलेला होता. तो कोणी चिकटवला हे विचारायला तोवर आई उरली नव्हती.

प्रश्न : फ्रेममधला आजी-आजोबांचा फोटो पावसाळ्यात काचेला चिकटला आहे. पाण्यात भिजवून सोडवावा काय?
— एक वाचक, धामणगाव रेल्वे

उत्तर : भिजवू नये आणि ओढूही नये, कारण चित्राचा थर काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काच स्वच्छ पुसून, सकाळच्या वेळी दाराजवळच्या सावलीत फ्रेम किंचित तिरपी ठेवून, फ्लॅश बंद करून मोबाईलने आठ-दहा फोटो काढावेत आणि त्यांतला उत्तम तो मोठा करून घ्यावा. मूळ फोटो तसाच काचेसह राहू द्यावा. सुट्या फोटोंना लॅमिनेशन करू नये. कडुनिंबाचा पाला पेटीत ठेवायचा तर फोटोला लागणार नाही असा पुरचुंडीत बांधून ठेवावा. पाठीवर नावे लिहिताना बॉलपेन वापरू नये, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. फ्रेम ओल धरणाऱ्या भिंतीवर असेल तर ती आजच आतल्या भिंतीला हलवावी, आणि पाठीमागचा पुठ्ठा बदलायचा असल्यास दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की बदलावा.