मॉर्मन चर्च (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) भुकेलेल्यांना धान्य देतं, त्याचा पैसा येतो कुठून?

मुख्यतः उपवासातून! दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या चर्चची मंडळी लागोपाठ दोन वेळचं जेवण सोडतात, पाणीही घेत नाहीत, आणि वाचलेल्या जेवणाची किंमत (ऐपत असेल तर जास्त) गरजूंसाठी देतात. आपल्याकडच्या ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’च्या अगदी उलट.

१९३६ मध्ये, महामंदीच्या काळात, या मदतकार्याला आजचं रूप आलं. चर्चची स्वतःची शेतं आहेत, डबाबंद अन्नाचे कारखाने आहेत आणि ‘बिशपचं कोठार’ नावाची दुकानं आहेत. दिसायला चक्क किराणा दुकान, फक्त गल्ला नाही. स्थानिक बिशप (तिथल्या मंडळीचा प्रमुख, बिनपगारी) घराची गरज बघून यादी देतो, त्याप्रमाणे सामान मिळतं. जमेल त्याने बदल्यात थोडं काम करावं अशी अपेक्षा असते. मला हे आवडतं. घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

आपत्तीत हीच माणसं कामी येतात. १९७६ ला अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात टीटन धरण फुटलं तेव्हा बसगाड्या भरभरून लोक चिखल उपसायला गेले होते.

बाकी गुंतवणुकीची माहिती दडवल्याबद्दल २०२३ मध्ये चर्च आणि त्याची गुंतवणूक संस्था यांना मिळून ५० लाख डॉलर दंड झाला, तेही खरं. पण तो पैसा वेगळा.