वचनाच्या अभ्यासाला बसताना

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून वाचायला घेऊन लेवीय या विधिनियमांच्या पुस्तकात अडखळलेले अनेक जण मी पाहिले आहेत, म्हणून तुम्ही आधी मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेला येशूचा वृत्तांत, घ्यावे. त्याचे अवघे 16 अध्याय आहेत. एकेक प्रसंग दोनदा वाचा, जमल्यास मोठ्याने, आणि कोण कोणाशी कशासाठी बोलत आहे हे वहीत लिहा.

एज्रा 7:10 मधला क्रम मला फार मोलाचा वाटतो: एज्रा या शास्त्री याजकाने आधी देवाच्या नियमशास्त्राचा अभ्यास करण्याचे, मग ते पाळण्याचे आणि त्यानंतरच ते शिकवण्याचे मनावर घेतले. यातली मधली पायरी सर्वांत अवघड आहे. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावा, असे मत्तय 5:23-24 मध्ये सांगितले आहे. ते वाचले त्याच सकाळी, बांधाच्या वादावरून चार वर्षे अबोला धरलेल्या थोरल्या भावाच्या दारात मी जाऊन उभा राहिलो, तेव्हा वहिनींनी काहीही न विचारता चुलीवर चहाचे आधण ठेवले.

इतरांना वचन सांगताना, प्रेषितांची कृत्ये 8 मधला, रथात शेजारी बसून इथिओपियाच्या अधिकाऱ्याचा प्रश्न ऐकणारा सुवार्तिक फिलिप्प डोळ्यांपुढे ठेवा. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सरळ सांगा, आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर तोच अध्याय दोघांनी मिळून उघडा.