सिंगापूर क्रूझवर सात जणांसाठी डिनरची कुठली वेळ घ्यावी?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ आहे, घरचे सात जण आहात, त्यात सत्तरी ओलांडलेले आईबाबा आणि दोन लहान मुलं, आणि एजंट विचारतोय की डिनर साडेपाच-सहाचं हवं, आठचं हवं की 'कधीही या'वालं हवं. माझं सरळ उत्तर, आठचं घ्या. वयस्कर माणसं आणि मुलं आहेत तर लवकरचं घ्या असं तुम्हाला सगळे सांगतील, आम्हालाही तेच सांगितलं होतं आणि आम्ही ते ऐकलं, म्हणून तर इतकं सविस्तर लिहितेय.

मुद्दा घड्याळाचा आहे. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. जहाजावर पावणेसहा वाजतात तेव्हा ठाण्यात सव्वातीन झालेले असतात, म्हणजे आमच्या घरी दुपारची झोप चालू असते आणि चहाला अजून तासभर असतो. त्या वेळेला तुमच्यासमोर सूप, सॅलड, मेन कोर्स, गोड असं सगळं ओळीने येणार. पोट कुणाचं तयार असणार?

आमची पहिली क्रूझ होती तेव्हा आम्हीसुद्धा सात जण होतो, मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई, सासरे आणि नणंद. जहाजात चढल्या चढल्या दुपारी दोनला बुफेत जेवलो आणि पावणेसहाला परत टेबलावर. मुलांनी ब्रेडशिवाय कशाला हात लावला नाही, सासरे सूपचे चार चमचे घेऊन नुसते बसून राहिले, आजूबाजूला सगळे मजेत जेवतायत आणि आमचं टेबल तेवढं गप्प. मग रात्री जहाजाच्या साडेदहाला सासऱ्यांना कडकडून भूक लागली, कारण घरी ते आठच्या ठोक्याला जेवतात आणि साडेदहा म्हणजे ठाण्याचे बरोबर आठ. तोपर्यंत बुफे बंद. पिझ्झाचा काउंटर तेवढा चालू होता, त्याला ही मोठी रांग. त्यांना डायबेटिस आहे. मी प्लेट आणून दिली तर त्यांनी चीज बाजूला सारलं आणि नुसता कडेचा पाव मोडून मोडून खाल्ला, काही न बोलता. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं, कारण त्यांना घेऊन जायचं म्हणून तर ती सगळी ट्रिप आखलेली होती.

दुसऱ्या वेळी आठचं घेतलं. आठ म्हणजे आपले साडेपाच, हे पण लवकरच आहे पण दुपारचं जेवण जरा हलकं ठेवलं तर भूक लागलेली असते, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत शरीर तिकडच्या घड्याळाला थोडं लागतंच, मग आठ अगदी सोयीचं वाटायला लागतं. मुलांना पाच-साडेपाचला बुफेत दूध, फळं, एखादं सँडविच असं काहीतरी द्यायचं, आणि टेबलावर बसल्या बसल्या वेटरला सांगायचं की मुलांचं जेवण आमच्या सूपबरोबरच आणा. ते लगेच आणतात. आमची धाकटी शेवटच्या कोर्सपर्यंत दोन खुर्च्या जोडून झोपून जायची, तिला काही फरक पडला नाही. आईबाबांना जेवणाआधीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर मात्र निघायच्या आधी डॉक्टरांना वेळ बदलतेय हे सांगून विचारून घ्या, ते आपल्या मनाने पुढे-मागे करू नका. आणि तुम्ही क्रूझच्या आधी दोन-तीन दिवस सिंगापूर फिरणार असाल तर शरीर आधीच थोडं जुळलेलं असेल, तरी मी आठचंच घेईन.

हाच हिशोब युरोपात उलटा होतो हे लक्षात ठेवा, पुढेमागे बार्सिलोना किंवा रोमच्या बाजूची क्रूझ केलीत तर उपयोगी पडेल. तिकडे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. तिथलं साडेआठचं डिनर म्हणजे आपले रात्रीचे बारा! आईबाबा सूप येईपर्यंत पेंगणार. तिकडे डोळे मिटून लवकरची पंगत घ्यायची, सहा म्हणजे आपले साडेनऊ, आणि उन्हाळ्यात तिकडे सूर्य नऊच्या आसपास मावळतो त्यामुळे जेवून वर डेकवर गेलात तरी चांगला उजेड मिळतो. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझला हा प्रश्नच नाही, घड्याळ आपलंच.

आता 'कधीही या'वाला प्रकार. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीत त्याला माय टाइम म्हणतात, कार्निव्हलमध्ये युअर टाइम, आणि नॉर्वेजियनवाल्यांनी तर २००० सालापासून फ्रीस्टाइल म्हणून ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल ही पद्धतच काढून टाकली. ऐकायला छान वाटतं आणि नवरा-बायको दोघंच असतील तर खरंच छान आहे. पण सात जणांना नाही. दोन-चार जणांची टेबलं पटापट रिकामी होतात, आठ जणांची टेबलं मुळात कमी आणि तिथे बसलेली माणसं दीड तास उठत नाहीत, म्हणून साडेसहा ते साडेसातच्या गर्दीत मोठ्या कुटुंबाला दारात ताटकळावं लागतं. सत्तरीच्या माणसांना घेऊन रोज संध्याकाळी उभं राहायचं? काही जहाजांवर ॲपवरून आधी वेळ राखता येते. ठरावीक वेळेचं डिनर शिल्लकच नसेल तर चारही दिवसांची एकच वेळ पहिल्याच दिवशी राखून टाका आणि दारात सांगा की कालच्याच वेटरकडे बसवा, जमलं तर जवळजवळ ठरावीक वेळेसारखंच होतं.

वेटर तोच असणं, हे माझ्या मते ठरावीक टेबलाचं सगळ्यात मोठं सुख आहे आणि बुकिंग करताना ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्याला माहीत असतं ना, की अण्णांना मीठ कमी लागतं आणि काकूंना ताक दोनदा लागतं, तसं. आम्हाला मालवणचा एक मुलगा होता वाढायला. पहिल्या रात्री सासऱ्यांनी बर्फाचं पाणी परत पाठवलं, दुसऱ्या रात्री आम्ही बसायच्या आत त्यांच्या जागेवर कोमट पाण्याचा ग्लास बशीने झाकून ठेवलेला. त्यातच मधे सासूबाईंचा मार्गशीर्षातला गुरुवार आला. दिवसभर उपास आणि रात्री सोडायचा, तोही कांदा-लसूण नसलेलं खाऊन, त्या तर म्हणत होत्या की मी खोलीतच लाडू खाऊन सोडते. आदल्या रात्री मी त्या मुलाला सांगितलं. त्याने कुणाला विचारलं, कसं जमवलं माहीत नाही, पण गुरुवारी त्यांच्यासमोर वरण, भात आणि बटाट्याची पिवळी भाजी आली, बाजूला लिंबाची फोड. तो हळूच म्हणाला, "आजी, कांदा नाय घातलेलो." सासूबाईंनी आधी हात जोडले आणि मग पहिला घास घेतला. रोज वेगळं टेबल आणि वेगळा वेटर असता तर हे झालं नसतं, रोज नव्या माणसाला पहिल्यापासून सांगत बसावं लागलं असतं.

यावरून आठवलं, शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच एजंटकडून लिहून घ्या आणि पहिल्या रात्री हेड वेटरला परत तोंडी सांगा. त्यांना आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवसाचं वेगळं करून देतात, ऐनवेळी सांगितलं तर त्यांचाही नाइलाज असतो.

शोचं काय असं तुम्ही विचारलंय. थिएटरात सगळे प्रवासी एकदम मावत नाहीत म्हणून मोठे शो बहुतेक रात्री दोनदा होतात आणि वेळा दोन्ही पंगतींना जुळतील अशाच लावलेल्या असतात. लवकर जेवणारे जेवून शोला जातात, उशिरा जेवणारे शो बघून जेवायला येतात. ठाण्यात गडकरी रंगायतनला साडेआठचा प्रयोग असला की जेवून जायचं की आल्यावर जेवायचं हा जो आपल्याकडे वाद होतो तोच इथे. आम्हाला शो बघून जेवणं जास्त आवडलं, कारण जेवताना बोलायला विषय असतो, आणि मुलं भरल्या पोटी थिएटरात एसीत बसली की झोपतात.

आठच्या वेळेचा अजून एक फायदा बंदराच्या दिवशी कळतो. सिंगापूरच्या क्रूझ पेनांग नाहीतर फुकेतला थांबतात, आणि फुकेतला मोठी जहाजं बऱ्याचदा पातोंगसमोर समुद्रातच उभी करून छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. परत येताना त्या बोटीला रांग, मग अंगावरची वाळू, आंघोळी, सात जणांची आवराआवर. साडेपाचला टेबलावर पोचायचं म्हणजे फुकेत अर्धं सोडून यायचं. आणि ठरावीक वेळेच्या जेवणाला फार उशीर करून चालत नाही, एका पंगतीचं जेवण स्वयंपाकघरातून एकत्रच सुटतं, त्यामुळे साधारण पंधरा-वीस मिनिटांनंतर आत घेत नाहीत.

इथे एक सांभाळा. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. आमच्या जहाजाने फुकेतलाही सिंगापूरचीच वेळ ठेवली होती पण मोबाइलने किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपोआप वेळ बदलली. मोबाइलवर पावणेसात बघून नणंद निवांत केस धूत होती आणि जहाजावर पावणेआठ झाले होते. तेव्हा एकाच्या तरी हातात साधं घड्याळ असू द्या, जहाजाच्या वेळेवर लावलेलं.

आता टेबल. सात जणांसाठी आठ खुर्च्यांचं गोल टेबल मागा, गोल हा शब्द मुद्दाम सांगा. लांबट टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाला मधलं काही ऐकू येत नाही, आणि माझे सासरे डाव्या कानाने कमी ऐकतात, लांबट टेबलावर ते नुसते हसून मान हलवायचे. गोल टेबलावर त्यांनी नातवंडांना १९७२च्या दुष्काळातल्या त्यांच्या गावच्या गोष्टी सांगितल्या, ज्या आम्ही घरी कधी ऐकल्या नव्हत्या, कारण घरी आम्ही सगळे एका वेळेला जेवायला बसतो कुठे? मी साडेनऊला ऑफिसमधून येते, नवरा दहाला. जागा भिंतीकडची मागा, वेटर लोक जिथे ताटल्या रचून ठेवतात त्या कोपऱ्यापासून लांब, तिथे सारखा खणखणाट असतो. खिडकीसाठी हट्ट धरू नका, सिंगापूरकडे वर्षभर सातच्या आसपासच सूर्य मावळतो, आठला बाहेर नुसता काळोख. आणि कुणाला बोट लागते असं असेल तर जहाजाच्या मधल्या भागातलं टेबल मिळतंय का विचारा, टोकांना हेलकावा जास्त जाणवतो.

शेवटचं पण सगळ्यात आधी करायचं. तुमच्या तीन खोल्या असणार आणि बहुतेक तीन वेगळे बुकिंग नंबर. ते एकमेकांना जोडलेले नसतील तर कंप्युटर तुम्हाला तीन वेगळ्या टेबलांवर बसवतो. एकदा आमच्या एजंटने ते जोडले नव्हते आणि पहिल्या रात्री सासू-सासरे हॉलच्या दुसऱ्या टोकाला अनोळखी सहा जणांबरोबर, भाषेची अडचण, मेनू वाचायला चष्मा खोलीत राहिलेला. म्हणून एजंटकडून तीनही नंबर जोडल्याचं लेखी घ्या आणि कन्फर्मेशनवर डायनिंगसमोर काय लिहिलंय ते तिन्हींवर वाचा. काही कंपन्यांत 'मेन' लिहिलेलं असतं, ते वाचून हेच मुख्य डिनर असं वाटतं पण मेन म्हणजे लवकरची वेळ, तुम्हाला 'सेकंड' हवंय. तरी गडबड झालीच तर जहाजात चढल्यावर आधी स्विमिंग पूलकडे जाऊ नका. पहिल्या दुपारी डायनिंग रूमच्या दाराशी बहुतेक ठिकाणी हेड वेटर याच बदलांसाठी बसलेला असतो, सगळ्यांची खोलीची कार्डं घेऊन एकाने तिथे जायचं, नम्रपणे सांगायचं की आईबाबा बरोबर आहेत, एकत्र बसायचंय. संध्याकाळी जेवायच्या वेळी गेलात तर तेव्हा त्याच्या हातात काही उरलेलं नसतं.

डिसेंबरात सिंगापूरच्या शाळांनाही सुट्ट्या असतात, जहाजं कुटुंबांनी भरलेली असतात आणि मोठी टेबलं आधी जातात. एजंटला फोन उद्यावर टाकू नका.