घोड्याचे हिवाळी केस पहिल्यांदा कातरताना
इंग्लंडमध्ये तुमच्या घोड्याची पहिली कातरणी साधारण ऑक्टोबरमध्ये, हिवाळी केस पुरते भरल्यावर करावी आणि शेवटची जानेवारी संपण्यापूर्वी उरकावी, कारण पुढे उन्हाळी केस फुटू लागतात. अंग स्वच्छ आणि पूर्ण कोरडे असावे. मळक्या केसांत पाती बोथट होतात. मशीन केसांच्या उलट दिशेने, सपाट धरून चालवावे आणि दर काही मिनिटांनी पाते स्वतःच्या मनगटाला लावून पाहावे, कारण तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसतोच. कोपराजवळची सैल कातडी दुसऱ्या हाताने ताणल्याशिवाय तिथे मशीन मुळीच नेऊ नये. माझ्या घोडीला तिथेच कापले होते आणि ते मला अजून सलते. पहिल्या वेळी मानेचा व पोटाचा खालचा पट्टाच कातरावा, पाय आणि खोगिराची जागा राखावी आणि लगेच झूल घालावी.