चिकनगुनियानंतर सांधे धरलेत? आधी एवढं करा

ताई, ताप उतरून दीड महिना झाला तरी सकाळी मूठ वळत नाही म्हणता, पण घाबरू नका. चिकनगुनियाची सांधेदुखी काही महिने रेंगाळते, काहींची वर्षभरसुद्धा. मला अख्खा पावसाळा विळीवर नारळ खवता आला नव्हता.

उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू उघडमीट करा, मगच चुलीकडे वळा.

नवीन माणसं हमखास चुकतात ती इथे: एकतर अंथरूण धरतात, त्याने सांधे आणखी आखडतात. नाहीतर जरा बरं वाटलं की लगेच विहिरीचं पाणी शेंदायला जातात आणि पुढचे चार दिवस कण्हत काढतात.

स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नका, कोणी कितीही खात्रीने सांगो. ३ महिन्यांनंतरही सूज राहिली तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि अंगणातल्या करवंट्या आजच उपड्या करा. चिकनगुनिया पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला तेवढं साचलेलं पाणी पुरतं.